पहिलीला वाळू, चौथीला नुसती राळ: फ्लोराइड वार्निशचं एक प्रकरण

एप्रिलचा पहिला आठवडा, नागपुरात ऊन तेव्हाच डोक्यावर बसलं होतं, शाळा सकाळची, आणि मी एका छोट्या शाळेत दातांचा कॅम्प घेतला. पहिली ते चौथी मिळून ३४ पोट्टे. दात तपासायचे, कीड दिसली तर वहीत लिहायचं, आणि सगळ्यांना फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड लागू नये म्हणून दातांवर ब्रशने लावायचा चिकट लेप, लावायचं, दोन-अडीच तासांचं काम. इतक्या वर्षांत हे एवढ्या वेळा केलंय की आता डोकं न लावता हात चालतो, आणि हात असा आपोआप चालतो म्हणूनच हे प्रकरण घडलं.

सोबत १० मिलीची एक ट्यूब होती, पिवळं वार्निश, नेहमीचंच, लेबलवर ५ टक्के सोडियम फ्लोराइड. ही ट्यूब डिसेंबरपासून क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये टोपणावर उभी होती, म्हणजे तोंड खाली अन् शेपूट वर, टूथपेस्ट जशी बाथरूममध्ये ठेवतो तशी. कॅम्पच्या आदल्या दिवशी दुपारीच मी सगळं सामान कारच्या डिक्कीत टाकून ठेवलं होतं, सकाळी घाई नको म्हणून. कार दिवसभर उन्हात. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे यांच्यावरच सगळं आहे.

सकाळी पहिलीपासून सुरुवात केली कारण लहान पोरं नंतर कंटाळतात, रडारड होते. डॅपन डिशमध्ये, म्हणजे छोट्याशा वाटीत, थोडं काढायचं, कॉटनने दात पुसायचे, ब्रशने लावायचं, पुढचा. तिसरं की चौथं पोर असेल, तेव्हा माझी असिस्टंट म्हणाली, "सर, आज हे दाणेदार निघून राहिलं." मी बघितलं, घट्ट, थोडं खडबडीत, रवाळ तुपासारखं. म्हटलं, "उन्हानं झालं असेल, लाव तू." बस, एवढंच. मग दुसरीच्या मध्यापर्यंत ते नीट झालं, आणि तिसरी-चौथीला तर एकदम छान निघायला लागलं, पातळ, चमकदार, मधासारखं, ब्रश सरसर फिरत होता. मी मनात खूश, की पोट्ट्यांच्या दातांवर काय मस्त गुळगुळीत थर बसून राहिला. आज विचार केला की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधीच पहिलीतल्या एका पोराची आई दारात. "डॉक्टरसाहेब, काय लावलं बाप्पा तुम्ही पोट्ट्याच्या दातावर? वाळू लागून राहिली म्हणते, रात्रभर जीभ फिरवत होता. अन् दुपारी घरी आल्या आल्या ओकला." मी विचारलं, ताई, सकाळी काही खाऊन गेला होता का? "काहून? सकाळच्या शाळेत पोट्टे कुठं खातात, चहा पिऊन गेला." म्हणजे जवळपास उपाशी पोट, त्यात वार्निश, त्यात उन्हातून घरी. पोरगा एव्हाना ठणठणीत होता, आईच्या मागे उभा राहून माझ्या खुर्चीचं बटण दाबायचा प्रयत्न करत होता.

संध्याकाळी शाळेतल्या बाईंचा फोन आला, की पहिलीच्या अजून तीन-चार पोरांनी दात खरखरीत लागतात असं सांगितलं, आणि दोघांचे पिवळे पापुद्रे निघाले जेवताना. मग त्या सहज म्हणाल्या, "पण चौथीला काही तक्रार नाही सर, ते तर म्हणतात आमच्या दातावर काही लावलंच नव्हतं."

या वाक्याने मी अडकलो. असिस्टंटची वही काढली, तिच्यात नावं ज्या क्रमाने वार्निश लावलं त्याच क्रमाने होती. तक्रारी सगळ्या वहीच्या पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर एकही नाही. पोरांच्या वयाशी याचा संबंध नव्हता, ट्यूबमधल्या जागेशी होता.

आता वार्निश म्हणजे काय हे थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९६४ साली जर्मनीत हे पहिल्यांदा बनलं, ड्युराफॅट नावाने, आणि त्यामागची अडचण साधी होती, की फ्लोराइडचं पाणी किंवा जेल दातावर लावलं तर काही मिनिटांत लाळेने धुऊन जातं, म्हणून ते दाताला चिकटवून ठेवणारं काहीतरी हवं होतं. चिकटवायला त्यांनी जे घेतलं ते आपल्या ओळखीचं आहे. पाइनच्या झाडाची राळ, जिला आमच्या भाषेत कोलोफनी किंवा रोझिन म्हणतात, तीच जी सारंगी-व्हायोलिनवाले गजाला घासतात आणि टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले सोल्डर करताना वापरतात. त्यात लाख, जी आपल्याकडे पळसावर, बोरीवर, कुसुमावर किडे तयार करतात. त्यात मस्तकी (हीही एका झाडाची राळच), मधमाशीचं मेण, गोडीसाठी सॅकरिन कारण राळ कडू असते, आणि हे सगळं पातळ ठेवायला अल्कोहोल. या सगळ्या मिश्रणात सोडियम फ्लोराइड ५ टक्के. त्यातलं नुसतं फ्लोराइड किती ते काढायचं तर सोडियम फ्लोराइडच्या ४२ भार वजनात फ्लोरीन १९ भार, म्हणून ५ टक्क्यांचं होतं २.२६ टक्के, म्हणजे २२,६०० पीपीएम, दहा लाख भागांत इतके भाग. आपल्याकडच्या टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमच्या वर परवानगी नाही, त्यावरून अंदाज घ्या.

आता गंमत अशी की सोडियम फ्लोराइड पाण्यात विरघळतं (१०० मिलीमध्ये साधारण ४ ग्रॅम), पण अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. आणि राळ-लाख यांचं नेमकं उलटं, अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही. म्हणजे ट्यूबमध्ये जे असतं ते द्रावण नाहीच, राळेच्या घट्ट पाकात मिठाची (खायच्या नव्हे, या सोडियम फ्लोराइडच्या, पुढेही मीठ म्हणेन ते हेच) बारीक पूड तरंगत ठेवलेली असते. आणि ती पूड पाकापेक्षा अडीच पट जड. मग ती किती दिवस तरंगणार? पाक घट्ट असतो म्हणून हळू बसते, पण बसतेच. आणि गरम केलं की पाक पातळ होतो, मग अजून लवकर बसते.

तर्री-पोह्याच्या गाडीवर उभं राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. गंजातली तर्री वर येते आणि चणे खाली बसतात, ढवळलं नाही तर पहिल्या गिऱ्हाइकाला नुसतं तेल, शेवटच्याला नुसते चणे. माझ्या ट्यूबचं तोंड खाली होतं, म्हणून उलटं झालं, पहिल्या पोट्ट्यांना चणे गेले, शेवटच्यांना तर्री.

हे सगळं तर्क म्हणून ठीक, पण मला बघायचं होतं. कॅम्पची ट्यूब संपली होती, पण त्याच बॅचची दुसरी एक ड्रॉवरमध्ये तशीच उभी होती, तितक्याच महिन्यांपासून. रविवारी क्लिनिक बंद ठेवून बसलो. ट्यूब हलवली नाही, दाबून कालवली नाही, तोंडाकडून थोडं एका काचेवर काढलं, मग अर्धी रिकामी करून मधलं दुसऱ्या काचेवर, आणि शेवटी शेपटीकडचं तिसऱ्या काचेवर. नुसत्या डोळ्यांनी फरक दिसत होता, पहिली काच धुरकट, मधली थोडी, तिसरी जवळपास पारदर्शक पिवळी. पोराचा शाळेचा मायक्रोस्कोप घेतला, पहिल्या काचेवर बारीक बारीक खडे एकमेकांना टेकून बसलेले, कोपरेवाले, खायच्या मिठाच्या खड्यासारखे, आणि ते तसे दिसणारच, खायचं मीठ आणि सोडियम फ्लोराइड यांच्या स्फटिकाची आतली रचना एकाच प्रकारची असते. तिसऱ्या काचेवर खडे शोधावे लागत होते.

मग स्पिरिटचा प्रयोग केला. हा कोणालाही करता येतो आणि माझ्या मते प्रत्येक क्लिनिकमध्ये एकदा तरी करून बघावा. तीन छोट्या बाटल्या घेतल्या, सारख्या, आणि तीनही भागांतलं सारखं वजन (सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आहे माझ्याकडे) त्यात टाकून वर स्पिरिट ओतलं, हलवलं, ठेवून दिलं. राळ हळूहळू विरघळली, स्पिरिट पिवळं झालं, आणि तासाभराने तळाला पांढरा थर बसला. पहिल्या बाटलीत जाड, मधलीत त्याहून कमी, तिसरीत नुसती एक रेष. पण हा पांढरा थर सगळा फ्लोराइड आहे असं लगेच म्हणता येत नाही, कारण मेणही स्पिरिटमध्ये विरघळत नाही आणि तेही खाली बसतं. म्हणून वरचं पिवळं स्पिरिट ओतून टाकलं आणि उरलेल्यात डिस्टिल्ड वॉटर घातलं. मेणाचे तुकडे वर येऊन तरंगले, कारण मेण पाण्यापेक्षा हलकं, आणि खालची पांढरी पूड हलवता हलवता विरघळून गेली. म्हणजे ती मीठच होती. लॅबमध्ये हे लँथनम फ्लोराइडच्या क्रिस्टलवाल्या इलेक्ट्रोडने नीट आकड्यात मोजतात, मला आकडा नको होता, मला फक्त हे बघायचं होतं की वहीची दोन पानं का वेगळी निघाली. ते त्या तीन बाटल्यांत दिसलं. असिस्टंट सोमवारी आली, बाटल्या बघितल्या आणि काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता चौथीच्या पोरांच्या गुळगुळीत थराकडे येऊ, कारण माझी खरी चूक तिथे आहे. दाणेदार थर बघून मला वाटलं होतं की हे खराब, आणि पातळ चमकणारा बघून वाटलं हे भारी. दातांच्या डॉक्टरचं हे असं का होतं तर आम्हाला कॉलेजपासून शिकवलेलं असतं की खडबडीत म्हणजे वाईट. फिलिंगला पॉलिश करतो ते त्यासाठीच, पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की त्यावर जंतूंचा थर जास्त जमतो, हे प्रोफायलोमीटर नावाच्या यंत्राने मोजतात, बारीक सुई पृष्ठभागावरून ओढून. पण हा नियम फिलिंगचा, क्राउनचा, इम्प्लांटचा, जे वर्षानुवर्षं तोंडात राहतं त्याचा. वार्निश दिवसभर, फार तर दोन दिवस राहतं आणि मग झिजून, घासून निघून जातं, जायलाच पाहिजे. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो तो आतल्या मिठाच्या कणांमुळे, आणि ते कण जिथे लाळेला भेटतात तिथेच फ्लोराइड बाहेर पडतं. एकदम आरशासारखा थर दिसला तर शंका यायला हवी की यात कण आहेत तरी का. अर्थात पहिलीच्या पोरांसारखी वाळू लागेल इतका खडबडीतही बरोबर नाही, कारण कणांचा ढीग झाला की त्यांना धरून ठेवायला राळ कमी पडते, थर ठिसूळ होतो आणि पापुद्रे निघतात. तेच झालं होतं.

पाण्याच्या थेंबाचा खेळही केला त्याच रविवारी. काढलेले दात बरणीत असतातच आमच्याकडे, एक स्वच्छ केला, वाळवला, सिरिंजने पाण्याचा एक थेंब ठेवला, तो पसरला. दुसऱ्या दातावर ट्यूबच्या शेपटीचं पातळ वार्निश लावून वाळू दिलं आणि थेंब ठेवला, तो फुगून गोल उभा राहिला, अळूच्या पानावर राहतो तसा नाही पण त्या वाटेवरचा. मोबाइल आडवा धरून फोटो काढला तर थेंबाच्या कडेचा कोन स्पष्ट दिसतो, यालाच काँटॅक्ट अँगल म्हणतात, कोन जितका मोठा तितका तो पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो. राळ पाण्याला दूर ठेवते हे चांगलंच आहे, म्हणून तर ती लाळेत टिकते. पण फक्त राळच असली तर लाळ आत शिरणार कशी आणि मीठ विरघळणार कसं? मिठाचे कण विरघळत जातात तसतशी राळेत बारीक छिद्रं पडतात, त्यातून लाळ आत जाते, अजून मीठ विरघळतं, असं ते चालतं. चौथीच्या पोरांच्या दातावर मी जवळपास कोरी राळ लावली होती. फर्निचरला लावतात तशी.

आणि इथेच लोकांचा (अन् बऱ्याच डॉक्टरांचाही) एक समज आहे की वार्निश दातावर बसून दाताचं रक्षण करतं. थर स्वतः काही खास रक्षण करत नाही हो. तो फक्त वेळ मिळवून देतो. त्या काही तासांत फ्लोराइड लाळेतल्या आणि दाताच्या वरच्या भागातल्या कॅल्शियमला भेटतं आणि कॅल्शियम फ्लोराइडचे अगदी बारीक गोल कण दातावर बसतात. लाळेतलं फॉस्फेट आणि प्रथिनं या कणांवर पांघरूण घालतात, त्यामुळे ते लगेच विरघळत नाहीत, वार्निश निघून गेलं तरी ते राहतात. मग पोट्ट्यानं चॉकलेट खाल्लं, जंतूंनी आम्ल बनवलं, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास घसरला जिथे इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, विरघळायला लागतं, तेव्हा ते पांघरूण सुटतं आणि कण फ्लोराइड सोडतात, जेव्हा हवं तेव्हाच. ते फ्लोराइड घेऊन इनॅमल परत जुळतं आणि या वेळी जे बनतं ते जरा चिवट असतं, त्याला विरघळवायला पीएच ४.५ पर्यंत खाली न्यावा लागतो. म्हणून सगळी कमाई त्या पहिल्या काही तासांत असते, आणि ते तास कोऱ्या राळेत गेले तर कमाई शून्य.

बाजारात आता वेगवेगळ्या प्रकारची वार्निशं मिळतात आणि एमआर, म्हणजे कंपनीचा माणूस, येऊन प्रत्येकाचं कौतुक करून जातो. पांढरी असतात त्यांत हायड्रोजनची प्रक्रिया केलेली किंवा बदललेली राळ असते, दात पिवळे दिसत नाहीत, आयांना आवडतात. काहींत कॅल्शियम-फॉस्फेट वेगळं घातलेलं असतं, क्लिनप्रोमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, एमआय वार्निशमध्ये दुधाच्या केसिनपासून काढलेलं. यात एक भानगड आहे, कॅल्शियम आणि फ्लोराइड एकाच डबीत ठेवले की ते डबीतच एकमेकांना भेटून बसू शकतात, दातापर्यंत पोहोचायच्या आधीच लग्न लागलं तर दाताला काय मिळणार, म्हणून कंपन्यांना कॅल्शियमला काहीतरी आवरण घालून वेगळं ठेवावं लागतं. आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या पोराला ते केसिनवालं लावायचं नाही, हे विचारायचं राहून जातं. फ्लोर प्रोटेक्टर तर वेगळ्याच कुळातलं, १९७५ च्या सुमाराचं, त्यात राळच नाही, पॉलियुरेथेनचा पाया, आणि सोडियम फ्लोराइडऐवजी सिलेनला (सिलिकॉनच्या एका संयुगाला) बांधलेलं फ्लोरीन, एकूण फ्लोराइड फक्त ०.१ टक्के. लेबल शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर २.२६ पुढे ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ते विरघळलेलं आहे, खाली बसत नाही, आणि दाताशी वागायची त्याची रीत वेगळी आहे, त्यामुळे नुसत्या आकड्यांची कुस्ती लावण्यात अर्थ नाही.

पण मी त्या पोराच्या ओकारीचं काय झालं ते सांगितलं नाही अजून. त्याच्या आईसमोर बसून हिशोब केला, कागदावर, कारण तोंडी सांगितलेलं पटत नाही. दूधदातांसाठी एका वेळी जास्तीत जास्त ०.२५ मिली, त्यात लेबलप्रमाणे ५.६५ मिलिग्रॅम फ्लोराइड. समजा पहिल्या पोरांना दुप्पट गेलं, म्हणजे ११ च्या वर. पोराचं वजन १८ किलो. धोक्याची पातळी धरतात ती किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ९०. आपण कुठेच जवळ नाही. पण उपाशी पोटी फ्लोराइड गिळलं गेलं की पोटातल्या आम्लाशी मिळून ते पोटाला चावतं, मळमळ होऊ शकते, आणि उन्हानंही होऊ शकते, मी दोन्ही सांगितलं. "मंग दूध पाजलं असतं तर?" तिने विचारलं. बरोबर आहे ताई, दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला पकडतं. आणि मी कॅम्पच्या चिठ्ठीवर 'पोट भरून पाठवा' हे लिहायला हवं होतं, ते लिहिलं नव्हतं. हे मी कबूल केलं तेव्हा तिचा आवाज खाली आला.

तेवढ्यात तिच्यासोबत आलेले आजोबा बोलले, चंद्रपूरकडच्या गावचे, हसले तेव्हा पुढच्या दातांवर तपकिरी डाग. "आमच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाये म्हणून सरकारनं बोअर लाल रंगवली, अन् तुम्ही शाळेत येऊन तेच लावून राहिले?" खरंच सांगतो, कॅम्पमध्ये कोणीही विचारला नसेल इतका चांगला प्रश्न. विदर्भात हा प्रश्न हवेतला नाही, चंद्रपूर-यवतमाळकडच्या कितीतरी गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्यापुढे नाही. आपल्या नागपूरच्याच नीरीने, म्हणजे पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नालगोंडा पद्धत शोधली. मी आजोबांना म्हटलं, बाबूजी, तुमचे दात तुम्ही लहान असताना हिरडीच्या आत घडत होते तेव्हा रोज पाण्यातून, वर्षानुवर्षं फ्लोराइड पोटात गेलं, म्हणून डाग आतून पडले. बाहेर आलेल्या दाताला वरून लावून तो डाग पडत नाही. वार्निश वर्षातून दोनदा, फार तर चारदा, दातावर लावायचं, पोटात घालायचं नाही. पण तुमच्या गावचा कॅम्प असेल तर मी आधी पाण्याचा रिपोर्ट बघेन, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पूर्ण पटलं नसावं, चालतं.

त्या दिवशीच्या कॅम्पमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर झाली होती. दुसरीच्या एका पोरीला मी वार्निश लावलंच नव्हतं, कारण बाईंनी सांगितलं की गुडघ्याला चिकटपट्टी लावली तर तिला पुरळ येतं. चिकटपट्टीच्या गोंदात हीच राळ असू शकते, राळेची ॲलर्जी असलेल्याला वार्निश नाही. दम्यासाठी ॲडमिट व्हावं लागलेल्या पोरालाही नाही, हिरड्या सोलवटलेल्या असतील तरी नाही. हे विचारायला अर्धा मिनिट लागतो.

मग पुढे काय केलं? तिसरी-चौथीच्या पोरांचं वार्निश झालंच नाही असं धरलं आणि शाळेला तसं लेखी कळवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, कोणाला कळलं नसतं." हे मला आधीच माहीत होतं. पण आपल्या विदर्भात शाळा उघडायला जून संपत येतो, म्हणून जुलैत परत गेलो. या वेळी ट्यूब नाही, एकेका पोराच्या वेगळ्या पुड्या, ०.२५ आणि ०.४ मिलीच्या, महाग पडतात पण ज्याचं त्याला मिळतं. पुडीतही मीठ खाली बसतंच, म्हणून झाकण काढून ब्रशने तळापासून ढवळून मगच लावायचं, बहुतेक कंपन्या तसं लिहूनही देतात, बारीक अक्षरात. सामान डिक्कीत नाही, मांडीवरच्या थंड पाण्याच्या डब्यात. दात पुसले पण अगदी कोरडे करत बसलो नाही, राळेच्या वार्निशला थोडी ओल चालते, उलट लाळ लागली की ते पटकन घट्ट होतं, म्हणून तर ते वळवळणाऱ्या पोरांसाठी सोयीचं. चिठ्ठी आदल्या दिवशी घरी गेली, की पोट भरून पाठवा, आणि लावल्यानंतर त्या दिवशी गरम चहा नको कारण राळ मऊ पडते, चिवडा-फुटाणे नको, तर्री-पोहे उद्या, आणि त्या रात्री ब्रश नको. हे शेवटचं वाचून पोट्टे फार खूश झाले म्हणे.

ढवळायचं काम असिस्टंटकडे दिलं. ती प्रत्येक पुडी ढवळून, काचेच्या पट्टीवर एक बोट ओढून, उजेडाकडे धरून बघत होती, धुरकट दिसलं तरच माझ्या हातात देत होती. नवव्या-दहाव्या पोराच्या वेळी मी घाईत हात पुढे केला तर तिने पुडी मागे घेतली.

"थांबा ना सर. बसलं आहे अजून खाली."